हौसाची धाकटी

सोमवार, १२ जानेवारी १९८७

भागी आज ड्युटीवरून आली ती हातात पोर घेऊन!

मी शेजारच्या बाबलीच्या पँटीला चेन लावत होतो. अडीचची बस थांबल्याचा आवाज आला, फाटक वाजले, मी मान वर केली नाही. "आधी मशीन बंद करा," म्हणाली. बघतो तर तिच्या नर्सच्या पांढऱ्या साडीच्या पदराखाली कापसात गुंडाळलेले काहीतरी. आधी वाटले मांजराचे पिल्लू. तोंड माझ्या मुठीएवढे — नव्हे, मुठीहून लहान.

हकिकत अशी. डिचोलीबाहेर नदीकाठी खनिजाचे ढीग पडतात तिथे कोल्हापूरकडच्या मजुरांच्या खोपी आहेत. त्यातल्या केरबाची बायको हौसा. तिला भागीच्या दवाखान्यात सोळा दिवसांपूर्वी जुळे झाले. आधी मुलगा, सव्वादोन किलोचा. मागून ही — दीड किलो. डॉक्टर म्हणाले पणजीला मोठ्या हॉस्पिटलात न्या. केरबा म्हणाला, बायको तिकडे जाऊन बसली तर ह्या दुसऱ्याला कोण बघणार? नेले नाही. खोपीत धूळ, वारा, खालची जमीन ओली. हौसाचे दूध एकाला कसेबसे पुरते. आज ती दाखवायला आली तर पोरीचे वजन होते त्याहून उतरलेले.

"म्हणून तू उचलून आणलीस?"

"उचलून न्हय. तिला विचारून. पंधरा दिवस. दोन किलो झाली की परत."

"आणि तू ड्युटीवर गेलीस की हिला कोण बघणार?"

भागीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच वेडा. "तुमी घरांतच आसतात न्हय!"

घरातच असतो. खरे आहे. शिंप्याचे दुकान घराच्या पडवीत असले की जग समजते हा माणूस नुसता बसलेला आहे!

घरात आम्ही दोघेच. लग्नाला नऊ वर्षे. पुढचे लिहीत नाही.


मंगळवार, १३ जानेवारी

भागीने कागदावर लिहून मशीनच्या वर भिंतीला टाचून ठेवले आहे. दर दोन तासांनी दूध. कुलेर, म्हणजे चमचा, उकळून घेणे. मान हातावर. थेंब थेंब. नंतर खांद्यावर घेऊन ढेकर. ओले लगेच बदलणे. खिडकीचे जनेल उघडे ठेवू नये.

एका वेळच्या दुधाला पाऊण तास लागतो! कुलेरीतले अर्धे तिच्या गळ्यात, अर्धे माझ्या बाहीवर. मग झोपते. मग मी मशीनवर बसतो. मग पुन्हा दोन तास झाले.

दिवसभरात एक ब्लाऊज. तोही हुकांविना.


गुरुवार, १५ जानेवारी

काल संक्रांत होती हे आज कळले.


सोमवार, १९ जानेवारी

एक शोध लागला. मशीन चालू असले की ती गप्प झोपते. थांबले की रडते. म्हणजे रडते म्हणण्याइतका आवाज नाही, बिजागरी कुरकुरल्यासारखे करते. म्हणून पाळणा मशीनच्या डाव्या अंगाला आढ्याला टांगला. साडीचाच. पाय पायट्यावर, उजवा हात कापडावर, डावा पाळण्याच्या दोरीला. काज करताना मात्र दोन्ही हात लागतात, तेव्हा दोरी पायाच्या अंगठ्याला बांधतो.

बाबली पँट न्यायला आला तो दारातच उभा राहून हसला. "कृष्णनाथ, तूं आतां शिवतां काय न्हाणयतां?"

"दोन्ही करतो. तुझी पँट उद्या."

"बायल नोकरीक, घोव घरांत पाळणो हालयता. बरें चल्लां मरे!"

हसू दे. त्याने आपल्या चारही पोरांपैकी एकाला तरी कधी हातात घेतलेले मी पाहिलेले नाही.


बुधवार, २१ जानेवारी

हौसा आली होती. बुधवारी डिचोलीचा बाजार, त्या दिवशी त्यांना अर्धी सुट्टी. बसने आली, मुलगा पाठीला बांधलेला. मी तिला पहिल्यांदाच पाहिले. वीस-बावीसची असेल. पायांना नडगीपर्यंत तांबडी धूळ, ती धुतली तरी जात नाही म्हणाली. दाराशी चप्पल काढून किती वेळ उभीच.

"दादा, आत येऊ न्हवं?"

अगं, तुझीच पोर आहे!

पोरीला मांडीवर घेतले, पाजायला बघितले. तिला ओढताच येत नाही, दमते. मग वाटीत दूध काढून दिले. रोज सकाळीही ती दवाखान्यात येऊन काढून देते, भागी ते स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून बसने आणते. सकाळी पावडरचे दूध, दुपारनंतर आईचे — असे चालले आहे.

"ह्या आवाजाचा तरास न्हाई का हिला?" मशीनकडे बोट करून विचारले.

"थांबला की त्रास."

ती हसली. "आमच्याकडं बी तसंच. मशीन थांबली की मुकादम रडतोय."

जाताना मुलीच्या कपाळाला बोट लावून ते आपल्या कपाळाला लावले. वळून पाहिले नाही.


शुक्रवार, ३० जानेवारी

१ किलो ८००! भागीने दवाखान्यातला काटा आणला होता. मी दोनदा मोजायला लावले.

पंधरा दिवस मंगळवारीच संपले. कोणी काही बोलले नाही. मीही नाही.


गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल विधानसभेत राजभाषेचे विधेयक पास झाले. कोंकणी राजभाषा, मराठीलाही वापरायची मोकळीक. बाबली मराठीवाला, सकाळपासून तापलेला. "म्हणजे आमी कितें उलोवपाचें तें आतां सरकार सांगतलें?" मी म्हटले, तू हे कुठल्या भाषेत विचारतो आहेस ते आधी बघ. चिडून गेला.

गंमत अशी की गेल्या वर्षी भाषेच्या आंदोलनात दोन्ही बाजूंचे कापडी फलक माझ्याच मशीनवर शिवले. मराठीवाल्यांचे, कोंकणीवाल्यांचेही. कापड एकाच ताग्यातले. दोघांनीही सांगितले, दुसऱ्याला सांगू नकोस.

पोरीने आज पहिल्यांदा शिंक दिली. मी इतका दचकलो की टीप वाकडी गेली.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

२ किलो ५० ग्रॅम.

भागी म्हणाली, ठरले ते ठरले. आज ड्युटीला जाताना घेऊन गेली. कापसाची बंडी, सहा झबली, टोपरे, कुलेर — सगळे पिशवीत भरून दिले. बसपर्यंत मी पिशवी नेली. पोर झोपलेली होती.


शनिवार, १४ फेब्रुवारी

चार ब्लाऊज, एक परकर, बाबाजी भटांचा सदरा. सगळे पूर्ण. वेळेवर.

मशीन थांबवले की कान द्यायची सवय गेलेली नाही.


सोमवार, १६ फेब्रुवारी

परत आली!

हौसा स्वतः घेऊन आली, दवाखान्यातून भागीबरोबर. छाती वाजते आहे. खनिजाच्या बोटी भरायची घाई आहे, ट्रक दिवसभर खोपींवरून जातात, भाकरीत सुद्धा धूळ. हौसा पडवीत बसली आणि नुसती रडली. "थोरल्याला काय होत न्हाई वो. हिलाच का? मी कमी करती का हिचं?"

भागीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझें कांयच चुकलेलें ना. धूळ कमी होईसर हांगा ठेव. शिगम्यापर्यंत." हौसाने मान हलवली.

मी आत जाऊन पाळणा पुन्हा टांगला. मला आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली. पोर आजारी म्हणून परत आली आणि हा गाढव आढ्याला दोरी बांधत शीळ घालतो आहे!


रविवार, २२ फेब्रुवारी

भागीची सुट्टी. दिवसभर तीच बघेल म्हणून मी कटिंग काढून बसलो. ती सगळे करते — दूध, औषध, अंघोळ. हात किती सराईत! पण झाले की लगेच पाळण्यात. मांडीवर घेऊन नुसती बसलेली मी तिला एकदाही पाहिलेली नाही.

मी पोरीशी बोलत होतो — काय बोलत होतो तेही आठवत नाही, 'बाय गे बाय' असेच काहीतरी. स्वयंपाकघरातून भागी म्हणाली, "इतलो जीव लावू नकात. आपलें न्हय तें."

"मला माहीत आहे."

"म्हायत आसा तर बरें."


मंगळवार, १० मार्च

आजचे लिहून ठेवतो.

अकराचे दूध. पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, मी पाव घ्यायला वळलो — नुसती मान वळवली — आणि कुलेर जास्त गेली. ठसका लागला. मग ठसकाही थांबला. ओठ निळे. डोळे उघडे आणि माझ्याकडे. मी पालथी घातली हातावर, पाठीवर थापट्या मारल्या. किती मारल्या माहीत नाही. पदेर दारात पावाची टोपली घेऊन उभा, "सायबा, सायबा" करत. मग नाकातून दूध आले आणि ती रडली. असला सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

अडीचला भागी आली. सांगणार नव्हतो. ती दारातच म्हणाली, "कितें जालें?" तोंडावरच लिहिलेले असेल. सांगितले सगळे. तिने पोरीचे नाक बघितले, छातीला कान लावला. "पालथी घातली तें बरें केलें," एवढेच म्हणाली आणि घागर घेऊन विहिरीवर गेली. घागरी दोन्ही भरलेल्या होत्या.

मी मागे गेलो. राहाटाला धरून उभी होती. म्हणाली, "ओठ निळे जाले म्हणून सांगलें न्हय तुमी... माका तोच दिसलो."

आम्हांला एक झाला होता. ८१ साली. रडलाच नाही. ज्या खोलीत तो झाला त्याच खोलीत भागी गेली सहा वर्षे दुसऱ्यांची बाळंतपणे करते आहे. हे मला माहीत होते आणि तरी मी कधी विचारात घेतले नव्हते.


शुक्रवार, २० मार्च

शिगमा झाला. ढोल घरापर्यंत आले तरी पोर झोपलेलीच! तरंगे गेली, रोमटाची मिरवणूक गेली. शिगम्यापर्यंतची मुदतही गेली. हौसा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अजून थोडी, दादा. हितं बाळसं धरलंय." धूळ अजून तशीच आहे.


बुधवार, १ एप्रिल

हसली. माझ्याकडे बघून. पोटातला वारा नव्हे, स्वप्न नव्हे — चांगले डोळ्यात डोळे घालून! बाबलीला बोलावून दाखवले. तोही बघत राहिला आणि नाक शिंकरून गेला.

दुपारी हौसा आली तेव्हा तिच्याकडे बघूनही हसली. मला थोडे वाईट वाटले. थोडे नव्हे.


रविवार, १२ एप्रिल

बारसे. नदीकाठी खोपीपुढे ताडपत्री बांधली होती. आम्ही दोघे गेलो, पोरीला घेऊन. दोघांना एकाच कापडाची झबली शिवून नेली — पिवळी, बारीक फुलांची. केरबा पहिल्यांदाच नीट भेटला. उंच, शांत माणूस. डोक्याला फेटा नवा. "या मास्तर, बसा." घमेले पालथे घालून त्यावर पोते टाकून मला बसायला दिले.

हौसा भागीला म्हणाली, "सिस्टरबाई, हितं आत्या कोण न्हाई. तुमीच व्हा आत्या. कानात नाव तुमीच सांगा."

भागी आधी नको नको म्हणाली. मग वाकली. मुलाच्या कानात — संतोष. मुलीच्या कानाशी वाकली ती लवकर वर येईना. पाठीत बायका बुक्क्या मारताहेत, हसताहेत. शेवटी उठली तेव्हा चेहरा कोरा.

तारा. हौसाने ठेवलेले नाव. चांगले आहे. मी मनात दुसरे ठेवले होते, ते इथेही लिहीत नाही.

परतीच्या बसमध्ये तारा भागीच्या मांडीवर. पूर्ण वाट. मीही मागितली नाही.


रविवार, २६ एप्रिल

हे नीट लिहायला हवे.

सकाळी दहाला केरबा आला. एकटा. दाढी केलेली, धुतलेला सदरा, हातात गुळाची ढेप. भागीची आज रविवारचीही ड्युटी होती. मी तारासाठी पाणी तापवत होतो.

चहा घेतला. बराच वेळ पाळण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "मास्तर, पावसाळा तोंडावर आला. महिन्यानं काम बंद. आमी गावाकडं जाणार, चंदगडच्या वर. चार महिनं."

"हो."

"तिकडं पाऊस लई. घरात चूल पेटत न्हाई दोन-दोन दिस. दोन लेकरं एका थानावर..." थांबला. "थोरला जगंल. ही तिकडं टिकंल का न्हाई, कुणाला ठावं? तुमच्याकडं टिकली. तुमास्नी लेकरू न्हाई. ठेवून घ्या. तुमचीच म्हना."

मी विचारले, "हौसा काय म्हणते?"

"ती काय म्हननार? मी सांगतोय न्हवं."

मी हो म्हणालो. श्वास घ्यायच्या आधी! ते दुसरे वाक्य मला ऐकू आले होते. चांगले ऐकू आले होते. तरीही.

तो जाताना रडला. पाठ करून, फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. वाईट माणूस नाही. त्याला खरेच वाटते की पोर जगेल.

तो गेल्यावर मी ताराला उचलले आणि मोठ्याने ते नाव घेतले, माझे ठेवलेले. एकदाच.


सोमवार, २७ एप्रिल

भागीला काल संध्याकाळी सांगितले. वाटले होते तिला भरून येईल. ती पदर खोचून उभी, हाताला पोळ्यांचे पीठ.

"हौसानें सांगलें?"

"केरबाने सांगितले."

"हौसानें?"

"अगं, बापाने सांगितले ना!"

"नऊ म्हयने पोटांत कोणें वागयलें? रोज सकाळी डब्यांत दूद कोण काडून दिता?" हात धुतले. "बुधवारीं ती येतली. हांव रजा घेतां. तिला विचारतां."

मी म्हटले, नको विचारूस. विचारलेस की ती नाही म्हणेल.

भागी माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोललो ते मला तेव्हाच कळले, पण शब्द परत घेतले नाहीत.


बुधवार, २९ एप्रिल

हौसा नेहमीप्रमाणे आली. पाठीवर संतोष. आता तारा नीट पिते, दमत नाही. पिऊन झाल्यावर भागी तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी मशीनवर, हातात कात्री. कापत काहीच नव्हतो.

"हौसा, केरबा रविवारी आलेलो. तारा आमकां दिली म्हणाला. तुका खबर आसा?"

हौसाने ताराला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतले. "बोलले हुते."

"तुझे मन काय?"

बाहेर काजूच्या झाडावर कावळे भांडत होते. मग खाली मान घालून म्हणाली, "तुमी लई केलंसा. दादांनी तर आईवानी केलंय. मला बोलाया तोंड हाय का?"

"तोंड आसा. तुझें लेंकरूं. केरबाला विचारायचें नाही, तुला विचारतां. आमकां वाईट दिसतलें म्हणून हो म्हणू नको. आणि नाही म्हटलेस तरी पावसानंतर ह्या घराचें दार उघडेंच."

"मला इचारताय?" तिने वर पाहिले. कोणी तिला काही विचारते ह्याचेच नवल वाटल्यासारखे. "खरंच मला इचारताय?"

"तुलाच."

"मग न्हाई." आवाज बारीक, पण स्पष्ट. "न्हाई देत मी. दोगं एका पोटात हुती, बाई. एकाला पाजताना दुसऱ्या अंगाला दूध वाहतंय माझं. कुणाला सांगू ते?"

मग माझ्याकडे वळली. "दादा, रागावू नगा."

मी म्हणालो, नाही रागावलो. कात्री ठेवली आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. काजूच्या बोंडूंचा वास सगळीकडे. ह्यापुढे तो वास आला की हेच आठवणार.


गुरुवार, ३० एप्रिल

भांडण. खरे म्हणजे भांडलो मी एकटाच. मी म्हटले, घरात आलेले मूल तू घालवलेस. मी म्हटले, तुला मूल नकोच होते. भीती वाटते तुला.

ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. घडी मोडली नाही. "तिच्या पदरांत हात घालून काडून घेतलेलें लेंकरूं माका नाका," म्हणाली. आणि इस्त्री तापवायला गेली.


सोमवार, ११ मे

शाळांचे गणवेश आले. निळ्या चड्ड्या, पांढरे सदरे, साठ जोड. जूनच्या पहिल्या आठवड्यात हवेत. सकाळी सहाला बसतो. तारा आता पाळण्यात मावत नाही, गोधडीवर ठेवतो. पालथी पडते आणि परत सुलटी होता येत नाही म्हणून ओरडते. उठतो, सुलटी करतो. पुन्हा पालथी! दिवसातून चाळीस वेळा.

भागीशी बोलणे कामापुरते. दूध आहे. साबण संपला. उद्या ड्युटी दुपारची.


रविवार, २४ मे

गणवेशांच्या कापडाला हात लावला नाही. सहा महिन्यांचे झबले शिवले. मग नऊ महिन्यांचे. वर्षाचे, दीड वर्षाचे. दोन वर्षांचा फ्रॉक, चुणीचा. प्रत्येकाच्या जोडीला संतोषचे. मापे अंदाजाने. वाढत्या अंगाची थोडी शिलाई आत ठेवली, उसवून वाढवता येईल अशी.

भागी शेजारी येऊन बसली. न बोलता काजे करू लागली. तिची काजे माझ्यापेक्षा चांगली होतात. मीही बोललो नाही. बोलायला हवे होते.


शनिवार, ३० मे

गेली.

मुकादमाचा ट्रक सकाळी नऊला निघणार होता. आम्ही आठला पोचलो. खोपींवरची ताडपत्री उतरवलेली, चुलींचे दगड तेवढे उरले होते. ट्रकात भांडी, गोणपाट, कोंबड्या, माणसे. भागीने हौसाला तीनदा सांगितले — पाणी उकळून, उघड्यावरचे दूध नाही, ताप आला तर अंगारा नाही, डॉक्टर. हौसा प्रत्येक वेळी "व्हय बाई" म्हणाली.

केरबा माझ्यासमोर आला, नजर खाली. "मास्तर, मी सबूद दिला हुता..."

मी म्हणालो, तू दिलास पण तो तुझा नव्हता. आणि मी घेतला तोही माझा नव्हता. हे खरे म्हणजे भागीचेच म्हणणे. तिच्यासमोर बोललो असतो तर बरे झाले असते. ती तेव्हा ट्रकाच्या पलीकडे होती.

तारा हौसाच्या काखेत, संतोष केरबाच्या खांद्यावर. ट्रक सुरू झाला तशी तारा शांत झाली. आवाज चालू असला की ती शांतच असते.

घरी आलो तर बाबलीच्या रेडिओवर मोठमोठ्याने — आजपासून गोवा राज्य! देशातले पंचविसावे. फटाके वाजवले त्याने. पेढा आणून दिला. मी खाल्ला.


मंगळवार, २ जून

साठातले बावीस जोड.


बुधवार, १० जून

बुधवार आहे. दारात कोणी नाही.

पाऊस लागला. पडवीत गळते तिथे बादली ठेवली. भागीने विचारले, "कितें तरी खाल्लें?" मी म्हणालो, भूक नाही. ती तशीच छत्री घेऊन बस पकडायला गेली. वळून बघेल असे वाटले. मी तरी कुठे हाक मारली?


रविवार, २८ जून

गणवेश देऊन झाले. टेलर मास्तर म्हणून शाळेत मला नारळ दिला.

आज लक्षात आले, भागी जेवताना माझ्याकडे बघत नाही. किंवा मी बघत नाही म्हणून तिचे बघणे मला दिसत नाही. एप्रिलपासून हे चालले आहे. ती बोलली त्यात चूक काय होते हे मी मनाशी पुष्कळ वेळा शोधले. सापडले नाही. तरी राग आहे. राग पोरीवर नाही काढता येत, हौसावर नाही, केरबावर नाही. उरते कोण? जी रोज अडीचला घरी येते ती.


शुक्रवार, १७ जुलै

पोस्टकार्ड आले. चंदगडचा शिक्का. अक्षर तिथल्या गुरुजींचे, बोलणे हौसाचे. जसे आहे तसे उतरवतो.

"दादा व सिस्टरबाई यांस नमस्कार. संतोष गेला. ताप आला. चार दिवस हुता. डागतराकडं नेलं, नदीला पानी, उशीर झाला. तारा बरी हाय. बसती. सिस्टरबाईस्नी सांगा, तवा त्यांनी मला इचारलं म्हनून आज माझी मांडी रिकामी न्हाई."

तीनदा वाचले. अंगणात जाऊन पुन्हा एकदा वाचले.

भागी अडीचला येईल. तोवर थांबवत नाही. मशीन झाकले, कार्ड खिशात घातले. एकच्या बसने तिच्या दवाखान्यात जातो आहे.